गाळलेला समुद्र
नातीच्या पोवळ्याच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याचा वास आला, की पंचाहत्तर-शहात्तर सालातलं आमचं वाशीमचं घर आठवतं. कोकणात नोकरीला असलेल्या मामाने काचेची नवी टाकी, कॅनभर समुद्राचं पाणी आणि बरणीत मऊ पोवळं आणलं होतं, बोटांच्या जुडग्यासारखं, हलणारं. हे झाड नाही, जीव आहे, असं त्याने सांगताच आईने पदर खोचला. आम्हा जैनांच्या घरात न गाळलेलं पाणी वापरत नसत. तिने दुहेरी फडक्यातून सगळा समुद्र गाळला. फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे, हा रिवाज. म्हणून फडकं उलटं धुऊन ते पाणी तिने तांब्यात भरलं आणि मामापुढे ठेवलं. "याइले याइच्या घरी पोचव." "ताई, अठी कुठं समुद्र हाये?" "मंग आनलं कायले त्याइले?" मामा तांब्या मांडीवर धरून गाडीत बसला. थोड्याच दिवसांत पोवळ्याची बोटं आखडली, ती पुन्हा उघडलीच नाहीत. "हा एक गेला," आई डोळे पुसत म्हणाली, "पन तांब्यातले तं वाचले." काल नात टाकीत बारीक जीवांचं पाणी थेंबाथेंबाने सोडत होती. "आजोबा, पोवळं हेच खातं." पोवळ्याची बोटं हळूहळू उघडू लागली, आणि मला आईचं फडकं दिसलं. मी मान वळवली.