सासूबाईंची जोडवी

करडईच्या तेलाचा वास आला की शेळगावच्या घरातला सासूबाईंचा सुजरा पाय आठवतो. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी तेव्हा नवी सून होते. सूज इतकी वाढली की जोडवी बोटांत रुतली. सोनार कापायला आला, तर त्या कडाडल्या, "मालक हायेत तवर जोडव्यांना कातर लावायची न्हाय!" मग मीच हट्टाला पेटले. बारामतीच्या नर्सबाईंनी दाखवल्याप्रमाणे पाय उशीवर घेऊन, करडईचं तेल लावून, अगदी हलक्या हाताने, खालून वर चोळू लागले. आमच्याकडे चोळणं म्हणजे जोर लावणं, त्यामुळे त्या रोज टोमणा मारत, "पाय चोळतीस का माशी हाकतीस?" मी हात जड केला नाही. एका सकाळी जोडवी बोटांत सैल फिरली. त्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली आणि पाय पुन्हा उशीवर ठेवला. "हाक गं माशी," म्हणाल्या. आता माझा पाय सुजतो. सून जोर लावायला लागली की मी तिला माशी हाकायला सांगते.