टोळीचं तेल

गाडीचं हँडल फिरेना. मी अंगाचा सगळा भार टाकला, मग मारोती ड्रायव्हरनेही हात लावला, पण इंजिन केसभर हललं नाही.

गाडी आलापल्लीच्या पुढच्या एका दवाखान्याची होती. जुनी, विलायती, चार सिलिंडरची. आधीचे डॉक्टर बदलून गेल्यापासून शेडमध्ये उभी. आता नवे डॉक्टर आले होते आणि पावसाआधी त्यांना भामरागडकडच्या गावांत औषधं पोचवायची होती. नद्या चढल्या की तो रस्ता दिवाळीपर्यंत बंद. म्हणून चांद्याच्या वर्कशॉपमधून मला बोलावलं होतं.

"मिस्त्री, होईल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेड खोलून पाहू द्या साहेब."

"नाही झाली तर भंगारात काढावी लागेल. मग वरचे विचारतील, गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला."

मारोती बाजूलाच उभा होता. तो फडक्याने बॉनेट पुसत राहिला.

पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली होणारा लोखंडी डबा. गाडी फार दिवस बंद राहिली की तो भिंतीला धरून बसतो. आम्ही म्हणतो, इंजिन सीझ झालं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते खोलताना मला गंजाची खात्री होती. पण चारही पिस्टनवर तपकिरी, चिवट थर बसला होता. बोट लावलं तर चिकटलं. वास ओळखीचा होता.

"मारोतीभाऊ, याच्यात काय टाकलं?"

"टोळीचं तेल जी." त्याचा चेहरा खुलला. "पलग खोलून त्या भोकातून दर बाजाराच्या दिवशी पळी पळी टाकलं. गंज नाई लागला पायजे म्हनून. आमच्या बैलबंडीच्या चाकाच्या कण्याले तेच लावतो. बाच्या वक्ताची बंडी हाय, अजून कुरकुर नाई करत."

टोळ म्हणजे मोहाची बी. तिचं तेल थंडीत थिजतं आणि इंजिनात पडून राहिलं की डिंक होतो. इंजिनाचं तेल वेगळं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब गेले, गाडीला विचारणारं कुणी राहिलं नाही, तरी या माणसाने एक बाजार चुकवला नव्हता. मला त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"चुकलं का जी माह्यं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

रॉकेल ओतून पिस्टन भिजत ठेवले. खालून तेलाचं चेंबर काढलं, पिस्टनला धरणारे रॉड मोकळे केले. मग सागाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत राहिलो. दुसऱ्या दिवशी पहिला सुटला, त्यामागून आणखी दोन. चौथा मात्र दगड. तिथे हेडखालच्या फाटक्या गॅस्केटमधून पाणी उतरलं होतं. खाली गंज, वर डिंक. डॉक्टर येता-जाता आभाळाकडे बघत होते.

शेवटी ब्लोलॅम्प पेटवला. बाहेरची भिंत हळूहळू तापवली की ती पसरते आणि आतला पिस्टन सैल होतो, असं मी मारोतीला समजावलं.

"बंडीच्या चाकावर धाव चढवतेत, तसंच म्हना ना."

"तसंच," मी म्हटलं.

लोखंडी धाव लाल करून चाकावर चढवतात, मग वरून पाणी ओततात. ती आवळून बसते. मारोतीने लहानपणापासून हेच पाहिलं होतं.

डॉक्टरांनी जेवायला हाक मारली. लॅम्प मारोतीकडे देऊन मी गेलो. हात धुतोय तोच शेडमधून आवाज आला. आवाज मोठा नव्हता, मडकं तडकावं तेवढाच. पण मी समजलो.

शेडमध्ये वाफ कोंदली होती. मारोतीच्या हातात रिकामी बादली होती.

"सुटला जी!" तो म्हणाला. "भिंत तपवली न् पिस्टनवर पानी टाकलं. थंडा झाला का आकसते, म्हनलं. एका ठोक्यात सुटला."

खरंच सुटला होता. त्याचा हिशोबही बरोबर होता. फक्त धाव लोखंडाची असते आणि इंजिनाचा ब्लॉक ठिसूळ बिडाचा. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलं की ते तडकतं. सिलिंडरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. त्या काळी त्या रानात तिला इलाज नव्हता.

मारोतीला ती दिसली नव्हती. तो पिस्टन बोटाने वरखाली करून दाखवत होता. मी त्याचं बोट धरलं आणि भेगेवर ठेवलं. तो खाली बसला.

गाडी भंगारात निघाली. मागोमाग मारोतीची नोकरी गेली.

औषधं शेवटी त्याच्याच बंडीतून निघाली. निघताना त्याने कण्याला टोळीचं तेल लावलं, आणि चाकं गेली ती आवाज न करता. पण बंडी पोचण्याआधीच नदी चढली. चार दिवसांनी ती भरलेल्या खोक्यांसकट परत आली.

तेलात काही खोट नव्हती. ते कण्याचं होतं, इंजिनाचं नव्हतं, एवढंच.