कानडी मुळाची मिरवणूक

फळ्यावर ओळ लिहून झाली की आमच्या शेजारचे काका मागे न बघता मागे सरायचे, थेट रस्त्यात. सदाशिव पेठेत हे धाडसच. स्कूटरवाला करकचून ब्रेक दाबून विचारायचा, "काका, मरायचंय का?" हे शांतपणे म्हणायचे, "थांबा जरा. ओळ तिरकी आलीय का, बघू द्या." मग स्कूटरवालाही पाय टेकवून ओळ बघायचा.

आमच्या चौकातल्या गणपती मंडळाचा हा फळा. तुमच्याही चौकात असेल असा एखादा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यावर लिहायचा मान यांचा. पाणी कधी येणार नाही, कोण वारलं, आणि उरलेल्या जागेत एखाद्या शब्दाचं मूळ. ते कुणीही मागितलेलं नसायचं. 'वरात म्हणजे वराची यात्रा. हल्ली वर घोड्यावर बसून मोबाईल बघतो, यात्रा मित्रांची असते.' किंवा, 'जुलूस हा शब्द अरबी. मूळ अर्थ बसणे. अडकलेल्या बसमधल्या प्रवाशांना पटेल.'

काकू धारवाडच्या. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या मराठीला कानडी हेल होता, आणि हे चारचौघांत त्यांची नक्कल करायचे. एकदा गणपती तोंडावर आले असताना यांनी जाहीर केलं, की आता 'मिरवणूक' शब्दाचं मूळ शोधणार. काकू भाजी निवडत होत्या. "त्यात काय शोधायचं? आमचं मेरवणिगे आहे की ते."

"काहीतरीच," म्हणून हे कोशांत डोकं घालून बसले आणि चरफडत बाहेर आले. सकाळी फळ्यावर होतं, 'मिरवणूक. मूळ कन्नड, मेरवणिगे. त्यातला मूळ अर्थ झळकणे, दिमाख दाखवणे. दिमाख तेवढा पुण्याचा. ही माहिती सौ.नी दिली.'

पुण्यात, ऐन गणपतीच्या तोंडावर, आणि तेही मंडळाच्याच फळ्यावर. ही चूक करायला पुणेकरच हवा. संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष आला. तसा चांगला माणूस, आवाज तेवढा मोठा.

"काका, पोरं खवळलीत. मिरवणूक आपली आणि शब्द बाहेरचा, असं कसं लिहिता? पुसा, संस्कृत लिहा. नाहीतर खडू आमच्याकडे द्या."

"बायकोची नक्कल मी आयुष्यभर केली," हे म्हणाले. "एकदा ती खरी ठरली, ते चौकात लिहिलं. आता पुसून तिला खोटं पाडू? तेवढं नाही जमणार."

खडू गेला. पोरांनी ओळ पुसली. फळ्यावर अध्यक्षाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला, त्यावर बरेच नेते हात जोडून उभे. हे चौकाकडे पाठ करून गॅलरीत पेपर वाचू लागले. पण हाताची सवय सुटेना, खुर्चीच्या दांडीवर बोटानं काहीतरी लिहीत बसायचे. ते बघून मला वाईट वाटायचं. मंडळाचा रागही यायचा, तरी मी आरतीला जायचो. प्रसादाशी माझं भांडण नव्हतं.

गेल्या वर्षी मांडवाचे वासे उभे राहत असतानाच ते झोपेत गेले. चौकात कुणी वारलं की फळ्यावर लिहायचं, ही रीत. अध्यक्षानं स्वतः फ्लेक्स उतरवला, फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि त्यांचं नाव आणि अंत्ययात्रेची वेळ लिहिली. अक्षर बरं होतं. काकू जिना उतरून खाली आल्या आणि वाचत उभ्या राहिल्या.

"काकू, काही राहिलं का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही पुसलंत ते राहिलं."

अध्यक्षानं खडू पुन्हा उचलला. "तो शब्द कसा होता, काकू?"

काकूंनी सांगितला. त्यानं परत विचारला, त्यांनी सावकाश परत सांगितला, आणि त्यानं लिहिला. पुढचंही त्याच्या लक्षात होतं. 'ही माहिती' एवढं लिहून झालं, तेव्हा काकूंनी त्याचा हात धरला.

"तिथंच थांब," त्या म्हणाल्या. "सौ. आता लिहायचं नाही."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, खडू हातात धरून रडायला लागला. मलाही आवरलं नाही.