घळीत धरलेली जागा

निशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर होता तोवर गर्दीशी त्याचा संबंध आला नव्हता. निवृत्त होऊन सिंगापूरला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये स्थिरावला, गळ्यात कॅमेरा अडकवला, आणि कळलं की बघण्यासारखं जिथे काही आहे तिथे आपल्या आधी कुणीतरी येऊन उभं असतं. पुलाउ उबीन बेटावरची जुनी घरं टिपायला गेला, तर प्रत्येक घरापुढे सायकलवाले. त्याच्या बायकोने, नंदाने, फोटो पाहून विचारलं की लोकांच्या पाठी छान आल्यात, पण घरं कुठेत?

टोमणा झोंबला. बैठकीतली मोठी भिंत रिकामी होती. नंदाला तिथे बहिणीने दिलेलं मोराचं घड्याळ लावायचं होतं, आणि ते ध्यान निशिकांतला डोळ्यांसमोर नको होतं. शेवटी तह झाला. अमेरिकेच्या सहलीतून त्याने एकही माणूस नसलेला फोटो आणला, तर भिंत त्याची. नाहीतर मोर.

त्याने ॲरिझोनाच्या वाळवंटातली एक घळ हेरली. पुराच्या पाण्याने तांबडा खडक कापून केलेली, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी अरुंद. सूर्य डोक्यावर आला की वरच्या फटीतून उजेडाचा झोत खाली उतरतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं जग तिथे लोटतं. गाइडशिवाय आत सोडत नाहीत. नंदा गुडघ्यांमुळे बाहेरच बसली. निशिकांत मुद्दाम आपल्या गटाच्या शेपटाला रेंगाळला. एका वळणावर झोत उतरला, आणि तेवढ्यात पुढून गाइडने माणसं मोजायला हाक मारली. मागून दुसऱ्या गटाचा कलकलाट येतच होता.

निशिकांतचा हात आपोआप खिशात गेला. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जावं, ते टेबल आपलं. याला तिथे चोप करणं म्हणतात, आणि त्या पाकिटाला हात लावायची कुणाची बिशाद नसते. त्याने पाकीट बरोबर झोताखाली वाळूवर ठेवलं आणि धावला. हे वाळवंट आहे, इथे पाकिटाला कोण विचारतो, हे त्याला पुढे गेल्यावर आठवलं. स्वतःची भयंकर लाज वाटली.

तोंड दाखवून परतला, तर वळण रिकामं! झोत तसाच. त्याने धडाधड फोटो घेतले. मग पलीकडे डोकावला. मागून येणारा अख्खा गट भिंतीला चिकटून उभा होता आणि सर्वांपुढे हात आडवे पसरून एक चिनी आंटी.

"कॅनॉट, लाह," ती त्यांच्या गाइडला बजावत होती. "समबडी चोप ऑलरेडी."

ती सिंगापूरच्याच हौगांगची निघाली. निशिकांतने वाकून पाकीट उचललं, तिचे आभार मानले आणि छाती फुगवून बाहेर आला.

घरी परतल्यावर त्याने गुपचूप भला मोठा प्रिंट करून आणला आणि नंदापुढे उलगडला. तांबड्या भिंती, सोनेरी झोत, माणसाचा मागमूस नाही. नंदा जवळ गेली. झोत जिथे टेकला होता तिथे तिने बोट ठेवलं. निळ्या फुलांचं टिश्यूचं पाकीट देवासारखं उजळून बसलं होतं.

निशिकांतचा चेहरा पडला. "माणूस तर नाही ना कुठे?" तो पुटपुटला.

नंदा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिने मोराचं घड्याळ उचलून परत खोक्यात घातलं.

"लाव तुझा फोटो," ती म्हणाली. "जागा आधीच धरलेली दिसतेय."