बावीस इंचांची खुर्ची

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझी पत्नी वारली. त्या वेळी आमच्या दारात एक जुनी इंग्रजी गाडी उभी होती. ती गाडी मी पहिल्यांदा निपाणीत, एका तपासात पाहिली. तो तपास मी विसरलेलो नाही. विसरावा असे वाटले, तरी विसरता येणार नाही.

मी तेव्हा निपाणीच्या ठाण्यात होतो. आमच्या भागातल्या चार-दोन जुन्या श्रीमंत घरांत त्या बनावटीच्या गाड्या आहेत. चौकोनी, चारही चाकांनी ओढणाऱ्या, शेताच्या वाटेवरही आतल्या माणसाला धक्का न देणाऱ्या. हौशी लोक त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे थांबतात. त्यातलीच एक संकेश्वरहून चोरीला गेली, आणि पंधरवड्यात आमच्याकडे खबर आली. खबर देणारा एका तंबाखू व्यापाऱ्याच्या बंगल्यावरचा ड्रायव्हर होता.

"सायेब, एक म्हातारा तीनदा आलता. टेप लावून गाडीचं दार मोजतोय. मालक न्हाईत तवाच येतोय बगा."

चौथ्या खेपेला त्याला ठाण्यात आणले. वय सत्तरीच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशात शिंप्याचा टेप आणि एक वही. परवान्यावरचा पत्ता बेळगावचा, टिळकवाडीतला. रस्ते खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो, एवढेच त्याने सांगितले. वहीत पाच गाड्या होत्या. प्रत्येकीचा नंबर, मालकाचे गाव, दोन दारी की चार दारी, दाराची रुंदी, जमिनीपासून बैठकीची उंची. चोरीला गेलेली संकेश्वरची गाडीही होती, चोरीच्या चारच दिवस आधीच्या तारखेसह. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच शब्द होता, 'गुडघा'. त्यापुढे कुठे फुली, कुठे प्रश्नचिन्ह.

"गुडघा ह्ये टोळीतल्या कुणाचं तरी टोपणनाव असंल," आमचे हवालदार म्हणाले.

मी हसलो नाही. मलाही तसेच वाटत होते.

अटक दाखवली नव्हती, चौकशीसाठी बसवले होते. पाच-सहा शिपाई, ड्रायव्हर, दुसऱ्या कामासाठी आलेले दोन-तीन लोक, सगळे त्याच खोलीत. मी विचारत होतो, तो गप्प होता. दर दहा मिनिटांनी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही.

"मला तीनला घरी पोचायचंय."

"कोण येणार आहे तीनला?"

"कोणी न्हाय."

"मग एवढी घाई कशाला, अण्णा?" हवालदार म्हणाले. "च्या घ्या, वडा सांगू का? आमचं ठाणं काय वाईट न्हाय."

"तुमचा वडा तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तीनला याची कोणाशी तरी गाठ ठरली आहे, अशी माझी खात्री झाली. त्याला तिथेच बसवून, महिला पोलीस बरोबर घेऊन मी बेळगावला निघालो. चोरीची गाडी घराजवळ सापडेल असे वाटत होते. पोचायला साडेचार झाले.

दाराला आतून कडी नव्हती. ढकलताच उघडले. समोर खुर्चीत एक बाई बसली होती. खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे होते.

"त्यांना काय झालं?" तिने आधी तेच विचारले.

"काही नाही, मावशी. बरे आहेत."

"मग मला जरा उठवा गं," ती महिला पोलिसाला म्हणाली. "दुपारपासून बसलीया."

पडल्यापासून तिचा खुबा वाकत नव्हता. खाली बसता येत नसे आणि बसल्यावर आपले आपण उठता येत नसे. शेजारीण बाराला जेवण देऊन गेली होती. तीनला उठवायला नवरा येणार होता.

दोघी आतून परत येईपर्यंत मी त्या खुर्चीकडे पाहत राहिलो. मग पंचनाम्याचा टेप काढून जमिनीपासून बैठकीपर्यंत मोजले. बावीस इंच. वहीच्या पहिल्या पानावर हाच आकडा होता, खाली दोन रेघा मारलेला.

"खुर्चीनं काय गुन्हा केला, सायेब?" बाई दारातून म्हणाली.

मग तिनेच सांगितले. तिची थोरली बहीण कंग्राळीत, शेतातल्या घरात अंथरुणाला खिळलेली. मध्ये जेमतेम सहा किलोमीटर, पण तीन वर्षांत भेट नाही. साध्या मोटारीची बैठक खाली, तिथे खुबा वाकत नाही. जीपचे धक्के सोसत नाहीत. "ॲम्ब्युलन्समधनं आडवी जाणार न्हाय म्हणून सांगितलंय मी ह्यांना. आक्कानं मला आडवी बघायची न्हाय. बसून जाणार."

महिला पोलिसाला तिथेच थांबवून मी परतलो. खोली रिकामी करवली आणि वही त्याच्यापुढे ठेवली.

"आधीच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? घरात बायको एकटी हाय, तिला उठता येत न्हाय, दाराला कडी न्हाय, असं दहा माणसांत सांगू? त्यातलं कोण कसलं, मला काय ठावं?"

ठाण्यात माणूस का बोलत नाही, याची चार कारणे मला ठाऊक होती. हे पाचवे होते.

"कोणती घेणार मग?" मी विचारले.

तो पहिल्यांदाच मोकळा झाला. मालकासमोर मोजले की किंमत चढते, म्हणून तो मालक नसतानाच जायचा. चार दारी गाडीत शिरायला सोपे, पण दार आखूड, गुडघा खांबाला अडतो. शेवटच्या सालातल्या गाड्यांना हवेचे स्प्रिंग. बटण दाबले की गाडी खाली बसते. पण आपल्याकडच्या मेस्त्रींनी ते काढून साधे बसवलेले. "र्‍हायली जुनी, दोन दारी. बैठक बत्तीस इंच, पण दार लांब. पाठमोरी बसून पाय आत घेता येतात. उंचीला दहा इंचांचा पाट करता येतो, सायेब. दार कुणी वाढवून देत न्हाय."

दोन दारी गाडी एकच होती, निपाणीच्या व्यापाऱ्याची. आणि पोलिसांनी नेलेल्या माणसाला ती विकायला तो आता तयार नव्हता. मी साध्या कपड्यांत त्याच्या बंगल्यावर गेलो आणि चूक आमची झाली असे सांगितले. हे वाक्य मी नोकरीत फार वेळा उच्चारलेले नाही. शेवटी तो 'न्या' म्हणाला. संकेश्वरची गाडी मालकाच्या भावानेच वाटणीच्या रागात नेऊन ठेवली होती, ते महिन्याभराने उघड झाले.

कंग्राळीची भेट मी पाहिली नाही, नंतर ऐकली. बाई गाडीतून उतरलीच नाही. बहिणीची खाट अंगणात आणून गाडीला लावली. ते लांब दार उघडे ठेवून दोघी दुपारभर बोलल्या. पुढच्या दोन वर्षांत अशा पुष्कळ दुपारी झाल्या. मग आधी बहीण गेली, नंतर बाई.

घड्याळाकडे पाहणारा प्रत्येक माणूस पळायला बघत नसतो. कोणीतरी त्याची वाट पाहत असते. हे मला त्या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर ठाण्यात कोणालाही बसवले की माझा पहिला प्रश्न एकांतात असे: घरी कोण आहे?

माझ्या पत्नीचे दुखणे वाढले, तेव्हा निरोप न देता तो म्हातारा गाडी घेऊन दारात आला. दोन पायऱ्यांचा सागवानी पाट त्याने स्वतः उतरवून ठेवला आणि शिंप्याचा टेप काढला.

"वहिनींची खुर्ची कुठाय?" त्याने विचारले.

शेवटचे अडीच महिने माझी पत्नी दवाखान्यात बसून गेली आणि बसून परत आली.

तेराव्यानंतर तो गाडी घेऊन गेला. पाट माझ्याकडे आहे.