पुकारा मावशीचं पकड वॉरंट

कोर्टाचा शिपाई आरोपीच्या नावाचा पुकारा करतो तेव्हा स्वतःच्या घशाला फार त्रास देत नाही. दारात उभा राहून, जांभई आवरत, दोन-तीनदा नाव घेतो आणि आत येऊन ‘गैरहजर’ म्हणून सांगतो. पांढरकवड्याच्या आमच्या कोर्टात मात्र एका खटल्याचा पुकारा बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा. शिपायाचं झालं की व्हरांड्यातून एक बाई उठायची, पदर खोचायची आणि ओरडायची, “बाळकृष्णाऽ! मुडद्या, कुठं मेला रेऽ! सायेब बलावते ना तुले!” कडुनिंबावरचे कावळे उडायचे. न्यायाधीशांनी समज दिली, एकदा तर बाहेर काढलं. पुढच्या तारखेला बाई पुन्हा हजर. तिचं खरं नाव फाईलमध्ये होतं, पण शिपायापासून वकिलांपर्यंत सगळे तिला पुकारा मावशीच म्हणायचे.

आणि हा बाळकृष्ण कोण? तर माझा अशील. मी आरोपीचा वकील आणि मावशी फिर्यादी. तिचा सख्खा दीर तो. दोन भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण पेटलं, त्याने मोठ्या भावाच्या डोक्यावर कुऱ्हाड उगारली आणि मावशीने मध्ये हात घातला. डाव्या हाताची चार बोटं तिथेच मातीत पडली. “माह्या मालकानं बोटं दस्तीत बांधून दवाखान्यात नेली,” भाजी निवडत बोलावं तितक्या शांतपणे ती मला सांगत होती. “डाक्टर म्हने, आता कायले आनली? मंग वापस आनून धुऱ्यातच पुरली, कुत्र्यानं नेऊ नये म्हनून. आता तूच सांग वकिला, धुरा कोनाचा?” कोट झटकत मी आत निघून गेलो.

बाळकृष्णाला मी जामिनावर सोडवलं. गडी सुरुवातीला एक-दोन तारखांना आला आणि मग जो गायब झाला तो झालाच. बोंबला! आरोप वाचून दाखवायचेही राहिले होते. कोर्टाने आधी साधं वॉरंट काढलं, मग अजामीनपात्र, ज्याला आमच्याकडे पकड वॉरंट म्हणतात ते काढलं. तेही दरवेळी ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत यायचं. आरोपी नाही तर खटला हलत नाही. तारखा लांब लांब पडू लागल्या. मधल्या काळात मावशीचा नवरा तापाने गेला, आणि कुऱ्हाड पडली त्या दिवशी धुऱ्यावर बसून रडणारा तिचा लेक गजू दाढीमिशीचा माणूस झाला. मावशी तारखेला येत राहिली.

तिचा सगळा राग माझ्यावर. मी दिसलो की उजव्या हाताने माझ्या कोटाची कॉलर धरायची. “तुहा आशील कुठं हाय?” मी म्हणायचो, “मावशी, मला ठाऊक असतं तर मीच आणला नसता का?” तर म्हणायची, “तू वकील हायेस का गोटा?” मीही काही थंड डोक्याचा माणूस नाही. एकदा भर व्हरांड्यात मी ओरडलो, “कॉलर सोड, नाहीतर तुझ्यावरच केस टाकतो!” ती खो खो हसली. “टाक ना. मी तारखेले हजर राहीन. तुह्या आशिलासारखी पळनार नाही.” बाररूमने पुढचे कित्येक दिवस माझी टर उडवली. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून ती बाई मला आवडायला लागली.

हात मात्र फार सैल होता तिचा. एकदा गावातले एक पुढारी तिला समजवायला आले. “बाई, सोडून द्या आता. शेवटी घरचाच मानूस हाय,” असं ते म्हणाले मात्र, मावशीने त्या बोटं नसलेल्या हाताने अशी ठेवून दिली की त्यांचा चष्मा पार पायऱ्यांखाली गेला. “घरचा हाय म्हनूनच सोडत नाही! बाहेरच्याले पोलीस पाहून घेतीन!” चष्मा मीच उचलून दिला. पुढारी पुन्हा कोर्टाकडे फिरकले नाहीत.

मी एकदा तिला चहा पाजला आणि विचारलं, “मावशी, तुला नेमकं काय हवंय? त्याला जेल?” ती बराच वेळ बशीत फुंकत राहिली. “गावात जो तो मलेच इचारते, तू काहून हात मधात घातला. त्याले कोनीच इचारत नाही, तू कुऱ्हाड काहून उचलली. मले त्याले सायबासमोर उभा पाहाचा हाय. सायबानं त्याले इचारावं, बस.” इतक्या वर्षांच्या वकिलीत न्याय या शब्दावर मी पुष्कळ भाषणं ऐकली, एक-दोन केलीही. त्या चहानंतर केलं नाही.

गजूला मात्र कोर्ट नको होतं, काका हवा होता. त्याने बापाची कुऱ्हाड गोठ्यात जपून ठेवली होती आणि दर पंधरवड्याला तिला धार लावायचा. मावशीला ती धार लावल्याचा आवाज झोपेतही कळायचा. “वकिला, हा पोरगा त्याले मारीन अन् फाशीले जाईन,” ती म्हणायची. “मंग मी कोनासाठी हात तोडून घेतला?” तिची खरी घाई ही होती. गजूच्या आधी तिला दीर गाठायचा होता.

म्हणून कापसाचा हंगाम आला की ती बाजार पालथे घालायची. दिराला कापसाशिवाय दुसरं काही काम येत नाही, हा तिचा हिशोब. वणी, राळेगाव, दारव्हा, सगळीकडे जायची. कापसाच्या गाड्यांमागे उभी राहायची आणि हाक मारायची. कागदावरच्या नावाने नाही. बाळकृष्ण तर त्याने केव्हाच टाकलं असणार, हे तिला कळत होतं. घरात त्याला लहानपणी ‘गोंड्या’ म्हणत. “नाव बदलते मानूस, मान थोडीच बदलते?” असं तिचं म्हणणं. शेवटी नेरच्या बाजारात तिने ‘गोंड्याऽ’ अशी हाक दिली आणि गाठोडी उतरवणाऱ्या एका पिकल्या केसांच्या हमालाची मान वळली. तिला पाहून तो गर्दीत शिरला. ती मागे धावली नाही. तो कुठे कामाला आहे ते विचारून घरी आली.

पण गावच्या एका ट्रकवाल्यानेही त्याला तिथे पाहिलं होतं, आणि त्याने ते गजूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गजू कुऱ्हाड घ्यायला गोठ्यात शिरला. मावशीने बाहेरून कडी लावली, कडीत नांगराचा फाळ अडकवला आणि पहिल्या एसटीने माझ्या दारात येऊन उभी राहिली. “गाडी काढ. तुहा आशील सापडला.”

“पोलिसांना सांगू,” मी म्हणालो.

“ठान्यातला शिपाई आमच्याच गावचा हाय. त्याले सांगतलं का तो जाऊन गजूची कडी काढते. तू त्याचा वकील ना? तं मंग चाल!”

मी गाडी काढली. यवतमाळमार्गे नेर गाठलं. बाजाराच्या आवारात बाळकृष्ण कापसाच्या गंजीला टेकून बसला होता, आता पळून थकल्यासारखा. मावशीने पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर, पाठीवर, डोक्यावर सपासप मारायला सुरुवात केली. नाकातून रक्त आलं तरी त्याने हात वर केला नाही. हमाल धावले, मी त्यांना अडवलं. धाप लागल्यावर तिने चप्पल पायात घातली आणि म्हणाली, “गजू कुऱ्हाड घेऊन निंगाला असन. त्याच्या हातानं मरतं का सायबासमोर येतं? बोल.” तो उठला आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला.

पांढरकवड्याला परतलो तर कोर्टाच्या फाटकात गजू उभा होता. गोठ्याचं दार फोडून आला होता, तळहात सोलले होते, हातात पोत्यात गुंडाळलेली कुऱ्हाड. आईला सापडलेला काका ती कुठे आणणार, हे त्या पोराला बरोबर ठाऊक होतं. बाळकृष्ण गाडीतून उतरला तसा तो पोतं फेकून धावत सुटला. मी पायऱ्यांवर पळालो, लाज वाटते पण खरं आहे. मावशीने फाटकाजवळचं अर्धं विटकर उचललं आणि आपल्या एकुलत्या एका पोराच्या कपाळावर मारलं. काय आवाज झाला तो! गजू उताणा पडला, कुऱ्हाड नालीत गेली. मावशीने दिराची मानगूट धरून त्याला पायऱ्या चढवल्या, माझ्या अंगावर ढकललं आणि खाली येऊन रक्ताने भरलेलं लेकराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. “याला कोणी आणलं?”

“फिर्यादीनं, साहेब.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. वॉरंट रद्द झालं, पण जामीन मिळाला नाही. पुढच्या तारखेला आरोप वाचून दाखवला गेला. ‘नाही’ म्हण, असं मी बाळकृष्णाला पढवून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?” त्या गाढवाने वळून वहिनीच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, “हो सायेब. कुऱ्हाड मीच उचलली होती. वहिनीनं हात नसता घातला तं भाऊच मेला असता.” मी कपाळावर हात मारून घेतला. मागच्या बाकावर मावशी पदरात तोंड घालून बसली होती.

त्याला शिक्षा झाली, त्याने ती भोगली. गजूने दवाखान्यात टाके घालताना ‘पडलो’ म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली, तरी नाही. मी एकदा मावशीजवळ हळहळलो, तर माझ्यावरच डाफरली. “बोलत नाही तं नाही! घरात जेवते ना माह्यासमोर? जेलात असता अन् मी भेटीले गेली असती, तं लय गोड बोलला असता. त्या बोलन्याले काय जाळू?”

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेली. तेरवीला मी गेलो. गजूने केस उतरवले होते, त्यामुळे कपाळापासून टाळूपर्यंत गेलेला तो व्रण उघडा पडला होता. त्याची लहान पोरगी मांडीवर बसून त्यावरून बोट फिरवत होती.

“बाबा, हे काय लागलं?”

“तुह्या आजीनं मारलं होतं.”

“काहून?”

गजूने पोरीला घट्ट जवळ ओढलं.

“मी तुह्याजवळ राहावं म्हनून.”