कृष्णात थोरातांचा दुसरा जबाब

कृष्णात थोरात बावीस वर्षं सैन्यात ड्रायव्हर होते. लेहच्या बर्फात तीनटनी ट्रक चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर उंब्रजजवळच्या गावी ऊस बघायला धाकटा भाऊ होता, म्हणून ते बायको राजेश्वरीला घेऊन सांगलीत आले आणि कुपवाडच्या एका कारखानदाराकडे, उदयसिंहांकडे, गाडीवर लागले. गाडी गुळगुळीत चालवायची, मागं बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळता कामा नये, ही त्यांची ऐट होती.

उदयसिंहांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा कृष्णात लहान मुलासारखे हरखले. ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला केला की गाडी आपली आपण वेग कमी करायची, आणि तेवढ्यात बॅटरीही थोडी चार्ज व्हायची. महिन्याभरात त्यांचा पाय असा बसला, की कुपवाड ते मिरज ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची गरज पडेना. पायाचा अंगठा ॲक्सिलरेटरवर टेकलेला ठेवायचा, हळूच सैल सोडायचा. "राजे, ब्रेक नवाकोरा ऱ्हानार बघ," असं ते घरी सांगायचे.

नोव्हेंबरात, सकाळी साडेआठला, ते साहेबांना आणायला निघाले होते. पाळी सुरू व्हायची वेळ, रस्ताभर दुचाक्या. पुढं उसाचा ट्रॅक्टर वळायला लागला. कृष्णातांनी नेहमीसारखा पाय सैल केला, गाडी पंचेचाळीसवरून वीसवर आली, आणि मागून धाडकन आवाज झाला.

स्कूटीवरची मुलगी रस्त्यावर पडली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, कंपनीचा निळा कोट घातलेली. उजवा हात मनगटापासून भलतीकडं वळला होता. कृष्णातांनीच तिला उचलून सावलीत बसवलं. तोवर गर्दी जमली होती.

"मोबाईल बघत असनार," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई ओ," ती कण्हत म्हणाली. "गाडी एकदम थांबाय लागली. मागचा दिवा लागलाच न्हाई."

कृष्णात घाबरले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "आगं, मी ब्रेक मारलाच न्हाई, तर दिवा लागंल कसा?"

लोकांनी माना डोलावल्या. ब्रेकच मारला नाही म्हणजे पोरीचीच चूक. पोलिसांत त्यांनी तोच जबाब दिला, मी ब्रेक दाबला नव्हता. त्यात खोटं काही नव्हतं. मुलीवर निष्काळजीपणाचं प्रकरण झालं.

तिचं नाव सोनम. जतकडची. आईवडील मेंढरं राखणारे, आता थोडी शेतीही करणारे. ती कुपवाडला व्हॉल्व्हच्या कारखान्यात माल तपासायला होती. चार दिवसांनी कृष्णात दवाखान्यात भेटायला गेले, तर बाहेर बाकावर तिचे वडील नानासो बसले होते. डोक्याला पटका, हातात एक्स-रेचं पाकीट.

"मनगटात स्टीलची पट्टी घातलीया," नानासो म्हणाले. पाकीट मांडीवर ठेवून म्हणाले, "सायेब, तुमच्यावर राग न्हाई. पन पोरगी खोटं बोलत न्हाई. दिवा लागला न्हाई म्हंती तर न्हाईच लागला."

"मी ब्रेक मारला नव्हता, पाव्हणं."

"मग गाडी थांबली कशानं?"

पाय सैल सोडला म्हणून, हे कृष्णातांना ठाऊक होतं; पण तेव्हा मागचा दिवा लागतो का, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी त्यांनी साहेबांना विचारून गाडी बाहेर काढली. कारखाने बंद, रस्ते मोकळे. राजेश्वरीला कडेला उभं केलं. "गाडी फुडं गेली की मागं बघत ऱ्हा. लाल दिवा लागला की हात वर कर."

पहिल्यांदा ब्रेक दाबला. आरशात हात वर गेलेला दिसला. दुसऱ्यांदा पाय पूर्ण उचलला. हात वर. तिसऱ्यांदा आपल्या सवयीनं अंगठा टेकलेला ठेवून पाय सैल सोडला. गाडी पंचेचाळीसवरून वीसवर आली. राजेश्वरी हात खाली सोडून तशीच उभी.

त्यांनी पाच वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळी ती जवळ आली आणि म्हणाली, "आवं, ती पोर खरं सांगत हुती की."

कृष्णातांनी गाडी बंद केली. एखाद्या नवशिक्यानं पाय झटक्यात उचलला असता, तर दिवा लागला असता.

उदयसिंह माणूस वाईट नव्हते. कृष्णातांनी सगळं सांगून पुन्हा जबाब द्यायचा म्हटल्यावर त्यांनी लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गाडी नियमात आहे, काही दोष नाही, असं उत्तर आलं. "कृष्णातराव, मागून धडकतो तो चुकतो," ते म्हणाले. "पोरीच्या दवाखान्याचं आपण बघू. जबाब कशाला बदलताय? उद्या तुमच्यावर शेकंल."

"बदलत न्हाई सायेब. अर्धाच दिलाय, तो पुरा करतो."

ठाण्यातल्या हवालदाराला पटवायला अर्धा तास गेला. "ब्रेक न मारता गाडी थांबती?" त्यानं दोनदा विचारलं. कृष्णातांनी त्याला खाली गाडीपाशी नेऊन सगळं दाखवलं. मग त्यानं लिहून घेतलं. दोन महिन्यांनी सोनमवरचं प्रकरण मिटलं. कृष्णातांना बोलावून समज दिली, तेवढंच.

ते सांगायला ते जतकडं गेले. सोनमच्या आईनं, हरणाबाईंनी, चहा ठेवला आणि त्या पाठ फिरवून आत गेल्या. सोनमचं मनगट पुरतं वळत नव्हतं. व्हॉल्व्ह हातात फिरवून बघायचं काम गेलं होतं. कारखान्यानं पुन्हा बोलावतो म्हणून सांगितलं होतं, बोलावलं नव्हतं.

कृष्णातांनी दुसऱ्या जबाबाची नक्कल तिच्यापुढं धरली. तिनं डाव्या हातानं घेतली, वाचली.

"काका, रस्त्यावर तुमी मोठ्यानं बोलला ते माझ्या समद्या मैत्रिणींनी ऐकलं," ती म्हणाली. "ह्यो कागद कोन वाचनार?"

चहा तसाच ठेवून कृष्णात उठले.

सोमवारी पाळी सुटायच्या वेळेला ते व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. सैन्यात नाव पुकारतात तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "मी त्या गाडीचा ड्रायवर. सोनमची चूक न्हवती. गाडी मी थांबवली आन दिवा लागला न्हाई." यापुढं असल्या गाड्यांच्या मागं जास्त अंतर ठेवा, नुसत्या दिव्यावर विसंबू नका, हेही सांगितलं. काहीजणी थांबल्या. बऱ्याचजणांना घरी जायची घाई होती. हेल्मेटमधून एकानं विचारलं, "कुठल्या कंपनीचा माल विकताय, मामा?" आणि तो हसत निघून गेला.

ते आठवडाभर रोज जात राहिले. त्यांनी गाडीची आपोआप वेग कमी करायची ती सोय सगळ्यात कमीवर ठेवली आणि पुन्हा ब्रेक दाबायला लागले. पण पाय अजून जुन्या सवयीनं अंगठ्यावर सैल पडतो. तेव्हा ते आरशात बघतात, मागं कुणी नसलं तरी.